गासडीवरील खूण आणि यंत्राचा पत्ता

तापी नदी सुरतेच्या खाली समुद्रास मिळते तेथे पाणी उथळ आहे. गाळाने भरलेल्या त्या मुखातून मोठी जहाजे शहराच्या धक्क्यापर्यंत येऊ शकत नसत. म्हणून ती मुखाच्या उत्तरेस सुवाली गावासमोर नांगर टाकीत आणि तेथे उतरलेला माल गाड्यांतून शहरात नेला जाई. विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाज घेऊन १६०८ साली सुरतेस आला आणि १६१३ साली जहांगीर बादशहाच्या फर्मानाने इंग्रज कंपनीस तेथे वखार घालण्याची परवानगी मिळाली. वखारीतून कापड, सूत आणि नीळ यांच्या गासड्या बाहेर पडू लागल्या. गासडीला तोंड नसते. आपण कोणाच्या, कोठे जावयाच्या, हे ती स्वतः सांगू शकत नाही. त्यासाठी तिच्यावर खूण काढावी लागे. कंपनीची व्यापारी खूण, हृदयाच्या आकृतीवर चाराच्या आकड्यासारखे चिन्ह, पुढे तिच्या तांब्याच्या नाण्यांवरही आली. नाण्यावर ती शोभेची होती. गासडीवर मात्र तिच्यावाचून व्यापार अडला असता.

सुवालीच्या त्याच किनाऱ्याला लागून आज हजिऱ्याचे कारखाने उभे आहेत. मुंबईच्या समुद्रातील दक्षिण वसई क्षेत्राचा वायू समुद्रतळाच्या नळातून हजिऱ्यास येतो. तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा तेथील कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्याच सुमारास कृभको ह्या सहकारी संस्थेचा खतकारखानाही तेथे उभा राहिला. १९८४ साली गेल ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि हजिऱ्याहून विजयपूरमार्गे थेट उत्तर प्रदेशातील जगदीशपूरपर्यंत वायूची वाहिनी गेली. समुद्रातून येणाऱ्या ह्या वायूत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी घटक असतो आणि तो हजिऱ्यास वेगळा काढावा लागतो. कोणती झडप केव्हा उघडावयाची आणि कोणती मिटावयाची, ह्यात चुकीला वाव नाही. परंतु ती झडप फिरविण्यासाठी कोणी माणूस धावत जात नाही. नियंत्रणकक्षात बसलेला मनुष्य आज्ञा देतो व ती तारेतून जाते. ही आज्ञादेखील गासडीप्रमाणेच मुकी असते. जिच्यासाठी ती निघाली त्या झडपेपाशीच ती पोहोचावी, म्हणून यंत्रालाही पत्ता द्यावा लागतो. हा पत्ता कोण देतो, कसा देतो, आणि दिलेला पत्ता चुकला तर काय होते, ह्याचा इतिहास अर्ध्या शतकाहून थोडा अधिक आहे.

१९६८ पूर्वी कारखान्यातील नियंत्रण म्हणजे रिले नावाच्या विद्युत्-खटक्यांनी भरलेली मोठमोठी कपाटे होती. एक खटका पडला की दुसरा उचलला जाई आणि त्याने तिसरी मोटर सुरू होई. मोटारगाड्यांच्या कारखान्यात नवा नमुना आला की ही सारी जुळणी उपसून पुन्हा तारा ओढाव्या लागत. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ साली ह्या कपाटांना पर्याय मागितला. रिचर्ड मोर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोशिएट्स ह्या लहानशा संस्थेतील सहकाऱ्यांनी जे यंत्र तयार केले, त्यास त्यांनी ०८४ असे नाव दिले. कारण तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. नाव ठेवण्याच्या बाबतीत इतका निरिच्छपणा क्वचितच आढळतो. पुढे स्थापन झालेल्या कंपनीचे मॉडिकॉन हे नाव ‘मॉड्युलर डिजिटल कंट्रोलर’ ह्या शब्दांवरून घडविले होते. त्यातील ‘मॉड्युलर’ हा शब्द महत्त्वाचा. नियंत्रक आता एकसंध राहिला नाही. तो फडताळात एकाशेजारी एक बसविलेल्या तुकड्यांचा, म्हणजे मॉड्यूलांचा झाला. एक मॉड्यूल बाहेरची मापे आत घेणार, दुसरे आज्ञा बाहेर देणार, तिसरे अन्य यंत्रांशी बोलणार. एक बिघडले तर तेवढेच काढून नवे बसवावयाचे.

जोवर नियंत्रक एकटा होता तोवर त्यास पत्त्याची गरज नव्हती. ती पडली एकाच तारेवर अनेक नियंत्रक बसू लागले तेव्हा. मॉडिकॉनने १९७९ साली मॉडबस ही संभाषणाची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा थाट जुन्या शाळेच्या वर्गासारखा आहे. तारेवर एकच गुरुजी; बाकी सर्वांनी हाक येईपर्यंत गप्प राहावयाचे. प्रत्येकास १ ते २४७ पर्यंतचा एक क्रमांक. गुरुजींनी ३७ म्हटले की सदतीस क्रमांकानेच उत्तर द्यावयाचे. शून्य म्हटले तर ती साऱ्या वर्गाला आज्ञा आणि तिला उत्तर कोणीच द्यावयाचे नाही.

हा क्रमांक मॉड्यूलावर लावण्याची रीत मोठी कौतुकाची होती. यंत्राच्या पाठीशी नखाएवढे आठ स्विच एका रांगेत असत. पहिल्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४, असे दुपटीने वाढत आठव्याची १२८. सदतीस क्रमांक द्यावयाचा तर बत्तीस, चार आणि एक मिळून सदतीस होतात; म्हणून सहावा, तिसरा आणि पहिला स्विच वर, बाकीचे खाली. पेचकसाच्या टोकाने फिटर हे काम करी. ज्याचा शाळेत पावकी-निमकीशी झगडा झाला होता, तोही महिन्याभरात ही दुपटीची गणना तोंडी करू लागे. ह्या रीतीचा एक गुण आजही विसरण्याजोगा नाही: पत्ता डोळ्यांना दिसत असे. वीज गेलेली असो, संगणक नसो, बॅटरीचा उजेड पाडला की यंत्राचा क्रमांक वाचता येई.

पत्त्याची गरज नेमकी केव्हा निर्माण होते, हे सुरतेच्या मागांवरून चांगले उमगते. उधना, पांडेसरा, लिंबायत ह्या भागांत खानदेशातून गेलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागाच्या आधाराने वसली आहेत. फ्रान्समधील जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने नक्षी विणणारा माग सिद्ध केला. त्या पुठ्ठ्यांना पत्ता नव्हता आणि लागतही नव्हता, कारण माळ खांद्यावर घेऊन माणूस स्वतः मागापाशी जाई व चढवी. आता नव्या पद्धतीच्या इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला पुठ्ठे नाहीत; नक्षी संगणकावर तयार होते आणि जेथे माग जाळ्याला जोडलेले आहेत तेथे तारेतूनच त्यांच्याकडे धाडली जाते. मध्ये चालणारा माणूस गेला, म्हणून मागाला क्रमांक आला. तो क्रमांक चुकला, तर एका साडीचा पदर दुसऱ्याच मागावर उतरेल. नुकसान होईल ते काही मीटर कापडाचे. हजिऱ्याच्या झडपेचे तसे नाही.

ह्यापुढची मजल इथरनेटची. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनशाळेत ती कल्पना मांडली. ह्या पद्धतीत प्रत्येक यंत्रास जन्मतःच एक क्रमांक मिळतो. तो कारखान्यातच त्याच्या अंगी ठसविला जातो, आणि त्याचा पूर्वार्ध कोणत्या कारखानदाराचा हे एका मध्यवर्ती संस्थेच्या यादीवरून ठरते. परंतु ही झाली यंत्राची ओळख. त्यास पत्ता म्हणता येत नाही. माणसाच्या अंगावरील तिळावरून तो कोठे राहतो हे कळत नाही, तशातलाच हा प्रकार. राहण्याचे ठिकाण सांगणारा क्रमांक म्हणजे आयपी पत्ता, आणि त्याचे जे रूप आज सर्वत्र रूढ आहे ते १९८१ साली ठरले. शून्यापासून २५५ पर्यंतचे चार आकडे, मध्ये टिंबे. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी होते. त्या काळी ती अक्षय्य वाटली. जाळ्याच्या क्रमांकांची नोंद ठेवण्याचे काम कॅलिफोर्नियातील जॉन पोस्टेल ह्या गृहस्थांनी १९९८ साली मृत्यू येईपर्यंत सांभाळले. जगाचा एवढा मोठा व्यवहार कित्येक वर्षे एका माणसाच्या टापटिपीवर चालला होता.

ह्या चार आकड्यांचा अर्थ लावणे भारतीय माणसाला जड जाऊ नये. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील मराठी अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित लेखक. त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि वाचता न येणारी हस्ताक्षरे ह्यांतून पत्र वाट काढीत कसे जाईल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सहा आकड्यांतील पहिला विभाग सांगतो. तीन म्हणजे गुजरात व राजस्थान. पहिले तीन मिळून जिल्ह्यापर्यंत आणतात. सुरत शहराचे ३९५ ने, हजिऱ्याकडचे ३९४ ने सुरू होतात. शेवटचे तीन टपालघर दाखवितात. आयपी पत्ताही असाच दुभागलेला असतो. अलीकडचा भाग गावाचा, पलीकडचा घराचा. गाव कोठे संपते व घर कोठे सुरू होते हे सांगण्यासाठी सबनेट मास्क नावाची दुसरी चौकडी लावावी लागते, आणि गावाबाहेर पत्र धाडावयाचे तर ते कोणत्या वेशीतून जावे हे सांगणारी तिसरी, जिला गेटवे म्हणतात. लिंबायतमध्ये ‘पाटील’ एवढ्यावर पत्र पोहोचणार नाही. कोणते पाटील, पारोळ्याचे की शिंदखेड्याचे, हे पोस्टमनला विचारावेच लागते. गाव व घर मिळूनच पत्ता होतो, हे त्या वस्तीला कोणी शिकवावयास नको.

नवे मॉड्यूल खोक्यातून निघते तेव्हा बहुधा त्याला पत्ता नसतो. विजेशी जोडताच ते जाळ्यावर हाकाटी सुरू करते: माझा जन्मक्रमांक अमुक, मला कोणी पत्ता देता का? ही रीत १९८५ साली ठरली, तिचे नाव बूटपी. अभियंता आपल्या संगणकावर ती हाक पाहतो, जन्मक्रमांक मॉड्यूलावरील चिठ्ठीशी ताडून घेतो, आणि पत्ता, मास्क व वेस अशी तीन उत्तरे देतो. १९९३ साली हिचीच सुधारलेली आवृत्ती डीएचसीपी ह्या नावाने आली. तीत पत्ता ठराविक मुदतीच्या भाड्याने मिळतो व मुदत संपली की दुसऱ्यास देता येतो. कचेरीतील संगणकांना ती सोयीची आहे. यंत्रशाळेस ती मानवत नाही, कारण नियंत्रकाच्या कार्यक्रमात समोरच्या यंत्राचा क्रमांक लिहून ठेवलेला असतो, आणि भाडेकरूने बिऱ्हाड बदलले हे त्या कार्यक्रमाला कोण सांगणार? म्हणून कारखान्यात पत्ता कायमचा द्यावयाचा.

येथेच एक चूक वारंवार घडते. पत्ता देऊन झाला, यंत्र बोलू लागले, अभियंता समाधानाने निघून गेला. पण ‘ह्यापुढे हाक मारू नकोस, हाच पत्ता स्मरणात ठेव’ ही शेवटची आज्ञा द्यावयाची राहिली. मॉड्यूल महिनोन् महिने बिनतक्रार चालते. मग एके रात्री वीज जाते व परत येते. सारी यंत्रे जागी होतात. हे एकटे आपले नाव विसरून पुन्हा हाका मारीत बसते, आणि त्या वेळी उत्तर देणारा संगणक कपाटात कुलूपबंद असतो. रात्रपाळीच्या माणसाला दिसतो तो फक्त लुकलुकणारा दिवा. दोष विजेचा असे समजून तारा तपासल्या जातात, निर्दोष मॉड्यूल बदलले जाते, आणि नवे तर पत्त्यावाचूनच आलेले असते.

हे टाळण्यासाठी काही कारखानदारांनी जुन्या स्विचांचाच वंश पुढे चालविला. एका प्रसिद्ध अमेरिकन बनावटीच्या मॉड्यूलावर तीन लहान फिरत्या चकत्या असतात. त्यांवर ००१ ते २५४ पैकी आकडा लावला की १९२.१६८.१ हे गाव गृहीत धरून तो आकडा घराचा क्रमांक होतो. ८८८ लावून वीज दिली की मॉड्यूल आपला सारा पूर्वेतिहास विसरून कोरे होते. बदली मॉड्यूल बसविणाऱ्याने जुन्याच्या चकत्या पाहून नव्याच्या तशाच लावल्या की झाले. संगणक उघडावा लागत नाही.

त्याहून वाईट म्हणजे एकच पत्ता दोघांना दिला जाणे. पूर्ण बंद पडलेले यंत्र शोधणे सोपे असते. दोन सारख्या पत्त्यांची गोष्ट तशी नाही. आज्ञा कधी ह्याच्याकडे जाते, कधी त्याच्याकडे. माप कधी ह्या टाकीचे येते, कधी त्या. घटकाभर सारे सुरळीत दिसते, पुन्हा बिनसते. पत्ता घेण्यापूर्वी ‘ह्या घरात आधीच कोणी राहत आहे काय?’ असे यंत्राने विचारावे, हा शिष्टाचार २००८ साली नियम म्हणून लिहिला गेला. त्याआधीची कित्येक यंत्रे विचारीत नसत आणि ती आजही कारखान्यांत चालू आहेत. यंत्रशाळेतले आयुष्य कचेरीतल्याहून पुष्कळ लांब असते.

दरम्यान ४२९ कोटींचा साठाही अपुरा ठरला. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती भांडारातील अखेरचे गठ्ठे वाटून झाले. कारखान्यांना त्याची झळ लागली नाही, कारण १९९६ सालच्या ठरावाने काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले होते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. भिंतीच्या आत ते कोणीही वापरावेत, भिंतीबाहेर त्यांना अर्थ नाही. त्यामुळे एक मौजेची स्थिती उत्पन्न झाली आहे. हजिऱ्याच्या एखाद्या पंपास जो पत्ता असेल, नेमका तोच चाकणच्या एखाद्या रंगशाळेतील यंत्रास असू शकतो आणि दोघांची गाठ कधीच पडत नाही. मात्र ह्या पत्त्यांची नोंद ठेवणारी मध्यवर्ती यादी जगात कोठेच नाही. ती ज्याची त्याने ठेवावयाची.

ही यादी हाताशी असण्याचे महत्त्व सुरतेला पुराच्या प्रसंगावरून कळण्याजोगे आहे. तापीवरील उकाई धरण १९७२ साली, म्हणजे पिनकोडच्याच वर्षी पुरे झाले. ऑगस्ट २००६ मध्ये त्या धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक इतके पाणी सोडावे लागले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. हजिऱ्याकडील कारखान्यांनाही त्याचा तडाखा बसला. पुराचे पाणी नियंत्रणाच्या पॅनेलात शिरले की मॉड्यूले वाचत नाहीत. नवी मागविता येतात, त्यांना पैसा लागतो व तो मिळतोही. परंतु ती सर्व कोरी येतात. कोणता पत्ता कोणाचा, हे जर त्याच खोलीतील संगणकात किंवा एखाद्या वृद्ध कर्मचाऱ्याच्या डोक्यात असेल, तर यंत्रे दारी येऊनही कारखाना चालू होत नाही. शहराचे पाणी शुद्ध करणारी केंद्रे व पंप आज स्काडा पद्धतीने दुरून पाहिले जातात. तेथेही पूर ओसरल्यावर पहिली गरज ह्याच यादीची लागेल. जाणते लोक म्हणून तिची एक छापील प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवतात व दुसरी प्लॅस्टिकच्या पाकिटात पॅनेलच्या दाराला आतून चिकटवितात. तीत पेन्सिलीने केलेली दुरुस्ती मूळ कागदावर चढविली जाते किंवा नाही, ह्यावर त्या खात्याची परीक्षा करावी.

पत्ता माहीत असणे हे जसे कामाचे, तसे धोक्याचेही. मॉडबसच्या नियमांत आज्ञा देणारा कोण हे विचारण्याची सोयच नव्हती. ज्या काळी तारेचे दुसरे टोक भिंतीच्या आतच होते, त्या काळी ती लागतही नव्हती. १९९९ साली हीच पद्धत इथरनेटवर आणली गेली, तेव्हा तो भोळेपणाही तिच्याबरोबर आला: ज्याला पत्ता ठाऊक आहे आणि जो तारेपर्यंत पोहोचला, त्याचे यंत्र ऐकते. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट ह्या घातक कार्यक्रमाने सीमेन्स कंपनीच्या नियंत्रकांत शिरून तारेवर विशिष्ट ओळख-क्रमांकाची उपकरणे आहेत काय हे आधी पाहिले आणि ती सापडली तरच घात केला. त्याचे लक्ष्य इराण होते. पण ज्या देशांतील संगणकांत तो मोठ्या प्रमाणावर आढळला त्यांत भारतही होता. इष्ट क्रमांक न सापडल्याने येथे तो निपचित पडून राहिला.

अलीकडे प्रोफिनेटसारख्या पद्धतीत मॉड्यूलाला अभियंता आकडा देतच नाही. तो नाव देतो, आणि यंत्रणा सुरू होताना मुख्य नियंत्रक त्या नावावरून आकडा नेमून देतो. नाव देताना चूक होऊ नये म्हणून संगणकावरून खूण केली की त्याच मॉड्यूलाचा दिवा लुकलुकतो. हजेरीला मुलाने हात वर करावा, तसा. तरीही अडचणीचा एक प्रसंग उरतोच. शेजारचे दोन कारखाने एका मालकीचे होतात, मधली भिंत निघते, दोन जाळी जोडली जातात, आणि दोन्हींकडे १९२.१६८.१ हेच गाव व तेच घरक्रमांक असतात. अशा वेळी एक तर एका बाजूच्या सर्व मॉड्यूलांना नवे पत्ते द्यावे लागतात व त्यासाठी कारखाना काही दिवस थांबवावा लागतो. नाही तर वेशीवर एक दुभाषा बसवावा लागतो, जो पलीकडच्या सदतीस क्रमांकास अलीकडे दुसऱ्याच गावाच्या नावाने हाक मारतो. बहुतेक ठिकाणी उत्पादन थांबविणे परवडत नाही, म्हणून दुभाषाच बसतो. आणि यादीत आणखी एक रकाना वाढतो.